अर्ध्या बोटाचे अंतर

"भाऊजी, तुम्ही ताबडतोब इकडे या. हा वाद्य कापायला निघालाय!"

वहिनींचा हा फोन आला तेव्हा आषाढातला रविवार होता, सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी दुसऱ्या चहाची वाट पाहत होतो. वाद्य म्हणजे कोणते, हे विचारण्याची गरज नव्हती. आमच्या घराण्यात वाद्य एकच. बाकीच्या मंडळींनी जन्मात फार तर टाळ्या वाजवल्या आहेत, त्याही दुसरे वाजवू लागले म्हणजे. ते एकुलते एक वाद्य म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची, बास गिटार. आणि ती कापायला निघालेला 'हा' म्हणजे दादाचा मुलगा, माझा पुतण्या.

"जा लवकर," आमची सौ. म्हणाली. "आणि एक करा, जाताना तुमची ती पटाशी घेऊन जाऊ नका."

मागे एकदा मी खिडकीची चौकट घरीच दुरुस्त केली होती, तिचा हा उल्लेख. ती खिडकी अजून लागत नाही.

चिंचवडहून निघोज्याला जायचे म्हणजे नाशिक रस्त्याने मोशी ओलांडायची, इंद्रायणीचा पूल पार करायचा आणि कुरुळीपाशी डावीकडे वळायचे. नकाशावर हे अंतर पाहून कोणी हुरळून जाऊ नये. चाकणच्या बाजूला अंतर किलोमीटरात सांगत नाहीत, तासांत सांगतात. पुढे मोटारींनी लादलेला एक लांबच लांब ट्रेलर, मागे पत्र्याच्या गुंडाळ्या नेणारा दुसरा, आणि मध्ये मी. वर देहू, खाली आळंदी आणि मध्ये इंद्रायणीच्या काठी निघोजे. एके काळी इथून पहाटे काकड्याचे टाळ ऐकू येत असतील. आता पहिल्या पाळीचे भोंगे आणि कामगारांच्या बसगाड्या. महिंद्रांचा मोटारींचा मोठा कारखाना याच गावच्या हद्दीत आहे, आणि मोठ्या झाडाखाली रोपे उगवावीत तशी त्याच्या आसपास लहानमोठी वर्कशॉपे उगवली आहेत. त्यांतल्याच एका टूलरूममध्ये आमचे चिरंजीव नोकरीला आहेत. हाताने कुशल, स्वभावाने शांत, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती कोणत्याही हत्याराने बाहेर निघत नाही. हे शेवटचे दादाकडून आलेले.

दादा दिवसा पिंपरीच्या एका कारखान्यात लेथ चालवी आणि रात्री ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवी. ज्या वाचकांच्या घरी हे प्रकरण नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सिनेमातला नायक बागेत वाजवतो ती साधी गिटार. बास गिटार म्हणजे तिचा थोरला भाऊ. चार जाड तारा, लांब मान आणि भरीव लाकडाचे अंग. तिच्यातली सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. म्हणजे ती कानापेक्षा पोटालाच अधिक ऐकू येते. गाणे चालू असताना तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती थांबली मात्र, की गाण्याच्या पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखे होते. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ हे वाद्य वाजवीत. त्यांचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? पण त्यांच्या तारांवर आपण सर्वांनी कधी ना कधी पाय हलवला आहे.

दादाने ही गिटार १९८३ च्या दिवाळीत आणली. मुंबईला धोबी तलावाच्या बाजूला एका गोवेकर वादकाकडून, जुनी, आणि प्रसिद्ध परदेशी वाद्याची नक्कल. त्या वर्षीचा सगळा बोनस तिच्यात गेला. "त्या दिवाळीत मला पातळ मिळालं नाही," हे वहिनी आजतागायत सांगतात. दादाला जाऊन आता सात वर्षे झाली. आता मात्र तेच वाक्य त्या निराळ्या आवाजात सांगतात.

तर अशा त्या गिटारीवर करवत चालणार होती!

मी पोचलो तेव्हा घरात दोन पक्ष पडलेले होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, चिरंजीव जेवणाच्या टेबलापाशी, आणि मध्ये टेबलावर जुन्या चादरीवर ती काळी गिटार आडवी. एखाद्या रोग्याच्या उशाशी दोन डॉक्टरांनी भांडावे तसे दृश्य.

"काका, कापायची नाहीये," चिरंजीव म्हणाले. "फक्त हा पिकअप घोडीकडे सरकवायचाय. दहा मिलिमीटर."

"दहा मिलिमीटर म्हणजे किती रे?"

त्याने आपले बोट आडवे धरले. "याच्या निम्मं."

"अर्ध्या बोटासाठी बापाच्या वाद्याला भोक?" वहिनी दारातून म्हणाल्या.

मी टेबलापाशी बसलो. अशा वेळी काकाने निवाडा द्यायचा असतो, आणि निवाडा देण्यापूर्वी भांडण कशाचे आहे ते समजून घ्यायचे असते. तासभर मी ते समजून घेतले. त्यातले जे माझ्या डोक्यात राहिले ते येथे देतो.

विजेच्या गिटारीला पोकळ पोट नसते. तारेचा आवाज मोठा करायचे काम तिथे लाकूड करीत नाही, पिकअप नावाची एक पट्टी करते. या पट्टीत लोहचुंबकाच्या कांड्या असतात आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत इवलीशी वीज उमटते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेलीच ही करामत. आपल्या घरी येणारी वीजही याच तत्त्वावर तयार होते. ती इवलीशी वीज ॲम्प्लिफायरकडे जाते आणि पुढे कर्ण्यातून शेजाऱ्यांकडे.

म्हणजे पिकअप हा त्या वाद्याचा कान. आता प्रश्न असा, की हा कान तारेखाली कुठे ठेवायचा?

"तार तर एकच आहे," मी म्हटले. "कान कुठेही ठेवला तरी सूर तोच ऐकू येणार."

"सूर तोच, आवाज वेगळा," चिरंजीव म्हणाले आणि त्यांनी कागद ओढला.

तार छेडली की ती सबंध एका झोक्यात हलते, तो तिचा मूळ सूर. पण त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत, दहा भागांतही हलत असते. ते तिचे उपसूर. मूळ सुराचा झोका मधोमध सर्वांत मोठा आणि टोकाला, घोडीपाशी, जवळजवळ शून्य. उपसुरांचे झोके लहान लहान असल्यामुळे घोडीजवळसुद्धा त्यांची चांगली हालचाल असते. म्हणून कान मानेकडे ठेवला तर आवाज गोल, भरदार. घोडीकडे ठेवला तर कडक आणि स्पष्ट. लग्नाच्या पंगतीत मध्यावर बसलेल्याला श्रीखंड पोचते आणि टोकाच्याला मिठाची वाटी, तसेच हे थोडेसे.

यात आणखी एक मौज आहे. तारेच्या बरोबर चतुर्थांशावर कान ठेवला, तर चार भागांत हलणारा उपसूर त्याला ऐकूच येणार नाही; कारण त्या जागी तो उपसूर हलतच नाही. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०० च्या सुमारास हाच नियम छेडण्याच्या बाबतीत सांगितला होता: ज्या बिंदूवर तार छेडाल, तिथे स्थिर असणारे उपसूर उमटणार नाहीत. गंमत अशी, की आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा तपासून लिहिले, की ही वाद्ये हा नियम पाळीत नाहीत! त्यांची घोडी सपाट-वक्र असते, तार तिच्यावर घासत हलते, आणि जे उपसूर नसायला हवेत तेही तिथे हजर असतात. आपण ज्याला जवारी म्हणतो ती हीच.

"मग आपली वाद्ये बरी!" मी म्हटले. "त्यांना असली कापाकापी लागत नाही."

"मिरजेला जाऊन बघा," चिरंजीव शांतपणे म्हणाले.

हे मात्र खरे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीचा माथा केसाएवढा घासतो, तार लावतो, ऐकतो, पुन्हा घासतो. वाद्य वाजत राहिले की घोडी झिजते आणि जवारी पुन्हा काढावी लागते. त्याला कोणी वाद्याची विटंबना म्हणत नाही. ज्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथे हा धंदा उभा केला, त्यांचा मूळचा व्यवसाय तलवारींना धार लावण्याचा. लोखंड घासणारे हात लाकूड आणि भोपळा घासू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्याच हातांच्या वारसांमुळे.

वहिनी अजून दारातच होत्या. पण पोळ्यांचा आवाज थांबला होता.

"बरं, पण तुला हे दहा मिलिमीटर हवेत कशाला?" मी मुद्द्यावर आलो.

चिरंजीवांनी फोन काढला. पाळी संपल्यावर ते आणि त्यांचे दोन मित्र गाणी बसवतात आणि घरीच ध्वनिमुद्रित करतात. त्यांनी एक गाणे लावले. गाणे चांगले होते. पण बास गिटार? ती मला कुठेच ऐकू आली नाही. हल्ली लोक गाणे ऐकतात ते तळहातावरच्या फोनमध्ये. त्याचा कर्णा पावलीएवढा. सेकंदाला ४१ कंप असलेला सूर त्यातून निघणे म्हणजे चमच्याने विहीर उपसणे. तिथे ऐकू येतात ते फक्त वरचे उपसूर. दहावा उपसूर म्हणजे ४१२ कंपांचा. तो फोन सोडतो. आणि आपला मेंदू असा हुशार, की वरचे उपसूर नीट ऐकू आले तर खालचा मूळ सूर तो स्वतःच कल्पून घेतो.

"मग टोनचं बटण फिरव की!"

"काका, ते बटण असलेलं कमी करतं. नसलेलं आणत नाही."

हे वाक्य मी लिहून ठेवले आहे. आमच्या सोसायटीच्या एका सभासदाबद्दल वापरायचे आहे.

त्याने हिशेबही केला होता. तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. पिकअपचा मध्य घोडीपासून ६४ मिलिमीटरवर. तो ५४ वर नेला, तर मोकळ्या तारेचा मूळ सूर सुमारे सातवा हिस्सा कमी पडेल, आणि दहावा उपसूर सव्वापटीच्या वर जाईल. ही कल्पनाही त्याची एकट्याची नव्हती. अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या, स्वतः गिटार न वाजवता येणाऱ्या, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने १९५१ साली 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. तोवर ऑर्केस्ट्रात माणसाएवढा उंच डबल बास उभा धरून वाजवावा लागे. १९६० साली त्याच्या कारखान्याने दोन पिकअपांची 'जॅझ बास' काढली. आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी तिचा मागचा पिकअप घोडीकडे सरकवण्यात आला. किती? साधारण दहा मिलिमीटर! तेवढ्या फरकावरून 'साठीचा आवाज चांगला की सत्तरीचा' हा वाद जगभरचे वादक आजही घालतात. आपल्याकडे शुद्धलेखनावरून होतो, तसाच.

"हे सगळं ठीक," वहिनी अखेर आत आल्या. "पण लाकूड एकदा कोरलं की कोरलं. चुकलं तर? ती जागा पुन्हा येणार आहे का?"

हा मुद्दा बिनतोड होता. हिशेब कागदावर असतो, आणि कागद फाडता येतो. मी निवाडा दिला: आधी जाणत्या माणसाला दाखवायचे, तोवर कोणीही कशालाही हत्यार लावायचे नाही. काकाचे काम संपले, आणि मी जेवायला बसलो.

जाणता माणूस निघोज्यातच निघाला. चाळीस वर्षे पॅटर्न मेकरचे काम करून निवृत्त झालेले एक मिस्त्री, चिरंजीवांच्या टूलरूममध्ये अधूनमधून सल्ल्याला येणारे. पॅटर्न मेकर म्हणजे ओतकामासाठी लाकडाचा नमुना बनवणारा. आधी लाकडात यंत्राचा भाग घडवायचा, मग वाळूत त्याचा ठसा घ्यायचा आणि त्यात लोखंड ओतायचे. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हा धंदा बराच खाल्ला. पण लाकूड पाहून त्याच्या मनात काय आहे हे सांगणारी माणसे या धंद्यातच तयार झाली.

मिस्त्री संध्याकाळी आले. पायांतल्या चपला दारात नीट जोडून ठेवल्या, गिटारीला हात लावण्यापूर्वी हात धुतले. चिरंजीवांनी आपला बेत सांगितला: मालकांची परवानगी काढून रविवारी टूलरूममधल्या मोठ्या मिलिंग यंत्रावर गिटार बांधायची आणि शंभरांश मिलिमीटरात काम करायचे. मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले.

"दादा, डास मारायला तोफ कशाला?" ते म्हणाले. "आधी तुम्हाला आवाज कुठला पाहिजे ते ठरवा. मग लाकडाचं बघू. माझ्याकडं सागाची एक फळी पडून आहे."

त्यांची युक्ती साधी होती. फळीवर ८६४ मिलिमीटरच्या अंतराने दोन घोड्या बसवायच्या, एकच जाड तार ताणायची, आणि खाली खाचेत पिकअप मागेपुढे सरकेल असा ठेवायचा. हवे तिथे सरकवा, ऐका, खूण करा. पुढे मला कळले, की गिब्सन कंपनीने १९७० च्या दशकात 'ग्रॅबर' नावाची बास गिटारच अशी काढली होती, सरकत्या पिकअपची. मिस्त्रींनी ती पाहिलेली नव्हती. गरज तीच असली म्हणजे युक्ती तीच सुचते.

अंतर मोजायला मी तत्परतेने मिस्त्रींच्या पिशवीतली पोलादी पट्टी उचलली.

"काका, ती नको!" मिस्त्री हसले. "ती खोटी पट्टी आहे."

ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, मीटरला सुमारे एक सेंटिमीटर. म्हणून पॅटर्न मेकरची पट्टी मुळातच तेवढी लांब आखलेली असते. तिच्यावरचा मीटर आपल्या मीटरपेक्षा मोठा. त्या पट्टीने तारेची लांबी मोजली असती, तर साडेआठ मिलिमीटरची चूक झाली असती. म्हणजे ज्या अर्ध्या बोटासाठी घरात महाभारत चालले होते, तेवढी चूक मी एका उत्साहात करून ठेवली असती! त्या खिडकीचे कोडेही मला तिथल्या तिथे थोडेसे उलगडले.

फळीसाठी पिकअप हवा होता, तो गिटारीतूनच काढायचा. चिरंजीवांनी तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले आणि पिकअप अलगद वर उचलला. मिस्त्रींनी खालच्या खळग्यात विजेरी धरली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग चिरंजीवांकडे पाहून म्हणाले,

"दादा, हे काम आधी झालेलं आहे."

आम्ही सगळे वाकलो. खळग्याच्या घोडीकडच्या भिंतीला एक बारीक सरळ रेघ होती. तिच्या अलीकडचे लाकूड लालसर, पलीकडची पट्टी पिवळट. मिस्त्रींनी फुटपट्टी लावली, या वेळी खरी. पट्टीची रुंदी दहा मिलिमीटर. कोणीतरी खळगा मानेकडे दहा मिलिमीटर वाढवला होता, मागची रिकामी जागा लाकडाच्या पट्टीने बुजवली होती, आणि वरून काळा रंग असा सफाईने दिला होता की चाळीस वर्षे कोणाला कळले नाही.

"पट्टी खोक्याच्या लाकडाची आहे," मिस्त्री म्हणाले. "कारखान्यात माल येतो त्या खोक्याची. पण बसवलीय बघा कशी. कानशीनं चारी कडा मारल्यात. सुताराचं काम नाही हे, फिटरचं आहे."

खोलीत कोणी बोलेना. मग वहिनी खुर्चीवर बसल्या.

"गॅलरीत," त्या म्हणाल्या. "गणपतीच्या आधी. तीन दिवस गॅलरीत रंगाचा वास येत होता आणि मला कपडे वाळत घालू देत नव्हते. विचारलं तर म्हणाले, किरकोळ काम आहे."

दादाने ते का केले असेल, हे त्याच्या ऑर्केस्ट्रात बसलेल्या मला तेवढे ठाऊक होते. मी तिथे वाजवायला नसे, तारा आणि खोकी उचलायला असे. मांडवात तेव्हा पत्र्याचे कर्णे असत, आणि ते सगळ्याच गोष्टी कर्कश करून सोडत. गायिकेचा आवाज कर्कश, सनईचा कर्कश आणि बास गिटारीचासुद्धा टणटण. दादा चिडायचा. "पत्र्यावर खिळे पडल्यासारखं वाजतंय," म्हणायचा. त्या कर्कशपणातून थोडा गोलावा काढायला त्याने कान मानेकडे सरकवला, अर्धे बोट. आणि आता त्याचा मुलगा, पावलीएवढ्या कर्ण्यातून ऐकू जावे म्हणून, तोच कान अर्धे बोट परत घोडीकडे नेऊ पाहत होता. दोघांचा हिशेब बरोबर होता. मांडव बदलला होता.

पुढचा आठवडा फळीचा. चिरंजीवांनी पिकअप तीन जागी ठेवून तीनदा एकच चाल वाजवली आणि फोनवर मुद्रित केली. कोणते कुठले हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी डब्यात ठेवली. परीक्षक वहिनी. त्यांनी भाजी चिरता चिरता तिन्ही ऐकली; फोन ओट्यावर, वर पंखा चालू, बाहेर ट्रेलरांचा घरघराट. म्हणजे लोक गाणी खरोखर ज्या परिस्थितीत ऐकतात, अगदी तीच.

"पहिल्यात नुसती घुमघुम. तिसऱ्यात कोणीतरी डबा वाजवतंय. मधलं ऐकू आलं."

डबा उघडला. मधले ५४ मिलिमीटरवरचे होते. तिसरे त्याहून घोडीकडे, जिथे चिरंजीवांना खरे म्हणजे आणखी पुढे जायचा मोह झाला होता. फळी नसती, तर मोहापायी त्यांनी तिथेच खळगा कोरला असता.

तरीही निर्णय राहिलाच होता. चिरंजीव आईकडे पाहत उभे होते, तोंडाने काही न बोलता. आवाज कुठला हवा हे कळले, म्हणून वाद्य उघडायचा हक्क मिळाला असे नाही. आणि आता तर त्यात बापाच्या हातची पट्टी सापडलेली. ती काढायची म्हणजे मूळ वाद्यापेक्षाही अधिक काही काढल्यासारखे. मलाही निवाडा सुचेना.

वहिनींनी विळी आडवी केली.

"त्यांनी केलं तेव्हा मला विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तू निदान विचारलंस. कर. पण ती पट्टी टाकायची नाही."

मिस्त्री म्हणाले, "टाकतोय कशाला, ताई? तीच वापरू."

आणि मग त्यांनी जे केले ते मी जवळ बसून पाहिले. जुना पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो. पितळेची पातळ पात गरम करून ती रेघेवरून फिरवायची, थांबायचे, पुन्हा फिरवायची. घाई नाही, हातोडी नाही. आसपासचा रंग भाजू नये म्हणून ओल्या फडक्याची घडी. दीड तासाने पट्टी हलली, आणि मिस्त्रींनी ती दोन बोटांनी अखंड बाहेर काढली. लांबी चार बोटांहून थोडी जास्त, एका बाजूला काळा रंग, दुसऱ्या बाजूला कानशीचे तिरके ओरखडे. वहिनींनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली.

पट्टी निघाली आणि मूळचा खळगा आपोआप मोकळा झाला. नवे लाकूड कोरायचे कामच उरले नाही. पिकअप घोडीकडे बसला, मानेकडे दहा मिलिमीटरची फट उरली, आणि त्या फटीत तीच पट्टी गेली. खळग्याची लांबी दोन्हीकडे सारखी, त्यामुळे दोन कडांना थोडी कानस लागली, एवढेच. चिरंजीवांना एक शंका होती: घोडीकडे जावे तशा तारा एकमेकींपासून पसरत जातात, मग चुंबकाच्या कांड्या तारांखाली नीट येतील का? मोजले तर दहा मिलिमीटरांत पसरण जेमतेम तीनदशांश मिलिमीटर वाढत होती. शिवाय या पिकअपात प्रत्येक तारेखाली दोन कांड्या असतात, तार दोहोंच्या मधून जाते. एवढा फरक तिला जाणवतही नाही. गोंद वाळायला एक दिवस ठेवला, चिमट्यात धरून. तारा पुन्हा सुरात लावल्या. रंग मात्र चिरंजीवांनी गॅलरीत दिला, आणि तीन दिवस वहिनींनी कपडे घरात वाळत घातले. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

या सदराच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आलाच, तर आमच्या अनुभवातून निघालेल्या तीन गोष्टी सांगतो. मोजमाप नेहमी घोडीवर तार टेकते त्या बिंदूपासून घ्यावे. लाकडाच्या कडेपासून घेऊ नये, कारण कडा गोल असते. घोडीखालून एक बारीक विजेची तार आत गेलेली असते, ती लाकूड कोरताना तुटली तर वाद्य मधमाश्यांच्या पोळ्यासारखे गुणगुणत बसते. तेव्हा ती कुठून जाते ते आधी पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, फळी आधी, गिटार मागून. सागाची नसली तरी चालेल.

गणपतीत मी पुन्हा निघोज्याला गेलो. आरती झाली, मोदक झाले, आणि चिरंजीवांनी फोनवर नवे मुद्रण लावून फोन ओट्यावर ठेवला. बाहेर ट्रेलर, वर पंखा. मी कान दिला. गाण्याच्या खालून एक आवाज चालत होता, जाड पावलांचा, कोणाच्या अध्यातमध्यात न येणारा. जिना चढून येताना दादाची पावले अशीच वाजत.

मी वहिनींकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते. आता या काही बोलतील, म्हणून मी रुमाल चाचपून ठेवला.

"अरे," वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात चुकलास बघ."

चिरंजीवांचा चेहरा पडला. "कुठे, आई?"

"तालाच्या पुढे पळालास. तुझे बाबाही तिथंच पळायचे. इतके दिवस ऐकू येत नव्हतं, म्हणून बरं चाललं होतं तुझं."

चिरंजीवांनी फोन उचलला, गाणे मागे नेले आणि दुसरे कडवे पुन्हा लावले.